आलेली उसण हातची घालवू नका

सकाळी सहाला खराटा घेऊन अंगण झाडायला वाकलात, माडाच्या बुंध्याकडे जरा वळलात आणि कमरेत कळ आली. आता तिथेच उभे आहात, अर्धे वाकलेले, हिरांचा खराटा हातात. अभिनंदन, उसण भरली. मात्र ती जपायला शिका, कारण ही जात टिकाऊ नाही. लक्ष दिलं नाही तर बहुतेकांची कंबर पाच-सहा आठवड्यांत आपोआप मोकळी होते. शंभरातल्या सुमारे नव्वद कंबरदुख्यांत मागे कुठलाही ठरावीक आजार सापडत नाही. स्नायू रुसलाय, सांधा रुसलाय की हाडांना हाडं बांधून ठेवणारा अस्थिबंध, हे तज्ज्ञालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. असा पाहुणा कायमचा ठेवून घ्यायचा तर यजमानाने कष्ट घ्यावेत.

वेळ तुम्ही उत्तम निवडलीत. मणक्यांमधल्या गाद्या रात्री आपण आडवे असताना पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस एखाद सेंटिमीटरने उंच भरतो. या फुगलेल्या गाद्यांवर वाकण्याचा ताण जास्त बसतो. तासाभराने, चहा-पेज होऊन, चार फेऱ्या मारून झाडलं असतं तर जादा पाणी उतरलं असतं आणि कळ आलीच नसती असंही झालं असतं. खराट्याला लांब बांबूचा दांडा बांधला की वाकावंच लागत नाही. तेव्हा बांधू नका.

खरं कौशल्य लागतं ते वजन उचलताना. गॅसचा टेम्पो वरच्या रस्त्यावर सिलिंडर ठेवून जातो आणि घर असतं पाखाडीच्या पन्नास पायऱ्या खाली. आत १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच, म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या घरात. पाठ ताठ धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. सिलिंडर पन्नास सेंटिमीटर पुढे धरला की ३० किलोसाठी त्यांना ३०० किलोची ओढ द्यावी लागते, आणि तुमच्या धडाचं वजन वेगळं. हाच सिलिंडर पोटाशी घेतला की अंतर निम्मं होतं आणि ओढही निम्मी. एवढी सूट कशाला घ्यायची? पायांत अंतर न ठेवता, गुडघे ताठ ठेवून, हात लांब करून उचला. मग पावलं तशीच रोवून फक्त कमरेतून वळा. गादीच्या बाहेरच्या कड्याचे धागे एकाआड एक थरात उलटसुलट तिरके विणलेले असतात. पिळ दिला की निम्मे ताणले जातात आणि निम्मे ढिले पडतात, म्हणजे निम्म्या धाग्यांवर सगळा भार. शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी एकेका बाजूने कडं धरलं तर यातलं काहीच साधत नाही, शिवाय त्याला चहा पाजावा लागतो.

भाताच्या लावणीला तर ही विद्या समूहाने शिकता येते. इरलं पाठीवर, चिखलात पाय आणि दोन-दोन तास वाकलेलं शरीर. इतका वेळ वाकून राहिलं की पाठीचे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल होतात, स्नायूंची राखणही मंदावते आणि पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. नेमक्या त्याच क्षणी चोंढ्यातून, म्हणजे भातखाचरातून, उठून तरव्याचा, म्हणजे रोपांचा, भिजलेला भारा उचलायचा असतो. दर अर्ध्या तासाने उभं राहून, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे वाकलं, भाऱ्याला हात घालण्याआधी बांधावर चार पावलं टाकली, तर कंबर सावध होते. पण बांधावरची माणसं बघत असतात. त्यांना काय वाटेल?

शेती नसेल तर एसटी आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्याचा लाभ घ्या आणि नेहमी शेवटच्या बाकावर बसा. मागच्या चाकांच्याही मागे असलेला तो बाक सी-सॉच्या टोकासारखा उडतो. हाडं ठिसूळ झालेल्या सत्तरीच्या आजीबाईंना तर तो आग्रहाने द्यावा. एक खड्डा चुकला की बसल्या जागी पाठ आणि कंबर जुळते तिथला मणका चेपतो.

मानेसाठी फार हिंडायला नको, खिशात मोबाइल आहे. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मान साठ अंश वाकवली की मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असं गणित एका अमेरिकी मणकातज्ज्ञाने २०१४ मध्ये मांडलं. ते कागदावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा घालून मोजलेलं नाही, पण भिंतीवर लावायला छान. खरी मेख वाकण्यात नाहीच, तासन्‌तास एकाच पोझमध्ये राहण्यात आहे. ताठ बसूनही मान आखडवता येते, फक्त हलायचं नाही. रात्री दोन उशा घ्या. कुशीवर झोपताना खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी एकच उशी पुरते, म्हणून दोन.

उसण पक्की भरली की गाव धावून येतं. सर्वांत आधी पायाळू माणूस शोधला जाईल. पायांकडून जन्मलेल्याने कमरेला लाथ हाणली की उसण जाते, हे शास्त्र. हल्ली पोटात बाळ पायाळू दिसलं की सहसा सिझेरियनच करतात, त्यामुळे अस्सल पायाळू मिळणं अवघड. जो मिळेल त्याचा मान राखा. लाथेनंतर आठवड्याभरात बरं वाटलंच तर श्रेय त्याचं, आपोआप बरं व्हायचा काळ तोच असला तरी. निर्गुडीचा शेक आणि उंडीचं तेल हे मात्र बेतानेच वापरा. उबेने स्नायू सैल होतात आणि माणूस हिंडू-फिरू लागतो, म्हणजे आपलं काम बिघडतं.

त्यापेक्षा सरळ झोपा. एक-दोन दिवस नव्हे, तीन आठवडे. मणक्यांमधल्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, तिचं पोषण दाब पडण्या-उठण्यातून, म्हणजे हालचालीतून झिरपतं. पडून राहिलात की गादीही उपाशी आणि स्नायूही लुळे. कोब्यावर नुसती चटई टाकून झोपा, ‘कडक अंथरूण हवं’ म्हणतात ना. २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ जणांना झोपायच्या गाद्या देऊन पाहिल्या तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांना कडकवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला, पण तो स्पेन. गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर झोपणं, किंवा कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी धरणं, असले लाड करू नका. कमरेचा पट्टा दोन-चार दिवस उठाबस सोपी करतो. तुम्ही तो दिवाळीपर्यंत लावा, म्हणजे पोटाचे स्नायू आपलं काम विसरतील.

आणि चालू नका. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ कंबरदुख्यांची पाहणी झाली, ती २०२४ मध्ये छापून आली. हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालण्याचं ज्यांना शिकवलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातल्या निम्म्यांकडे ते ११२ दिवसांत हजर. समुद्रकिनाऱ्यावरची ओली, घट्ट पुळण फुकट आहे, म्हणून तिकडे फिरकूच नका.

आता मुख्य विधी, एमआरआय. पहिल्याच आठवड्यात गाडी करून कोल्हापूर नाहीतर गोवा गाठा. यंत्र कधी रिकाम्या हाताने पाठवत नाही. २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक न दुखणाऱ्या माणसांचे अहवाल एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या, ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांची गादी फुगलेलीही होती, आणि यांतल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे अहवालातले हे शब्द पांढऱ्या केसांसारखे, पण तुम्ही ते तसे वाचू नका. ‘मणक्यात गॅप इलो’ असं वाडीभर सांगा. गॅप नावाचा आजार कुठल्या पुस्तकात नाही, पण एकदा लागला की माणूस वाकायला, चालायला, पाटावर बसायला भितो, आणि या भीतीइतकं दुखणं टिकवणारं दुसरं काही नाही. गादी खरोखर फुटून पायात कळ गेली असेल, तरी बाहेर आलेला तो तुकडा बहुतेकांत शरीरच हळूहळू जिरवून टाकतं, हे डॉक्टर सांगू लागले तर विषय बदला.

औषधाचं सोपं आहे. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी, रोज, महिनाभर. मे महिन्यात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, सोबत ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडही सोबतीला येतं. नाहीतर बाजारच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी. दोन दिवसांत कंबर लख्ख झाली तर ओळखा की आत स्टेरॉइड कुटलेलं असू शकतं. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं भुसभुशीत होतात आणि मग एसटीचा शेवटचा बाकही लागत नाही.

काही दुखणी मात्र या लेखात बसत नाहीत, त्यांना बाहेर काढतो. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. तिथे प्रश्न तासांचा असतो. पाऊल उचलेनासं होऊन चप्पल घसटू लागली तरी त्याच दिवशी दाखवा. संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ तपासावी लागते. पस्तिशीच्या आतल्या माणसाची कंबर तीन महिने सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि काम केल्यावर मोकळी होते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. आणि आंब्यावरून किंवा माडावरून कुणी पडला तर त्याला बगलेत धरून बसवू नका, रिक्षात घालू नका. मान न हलवता आडवाच ठेवा, १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल तर चौघांनी एकदम, ओंडका लोटावा तसा, फळीवर घ्या.

यांतलं काही नसेल आणि एवढं सगळं करूनही सहाव्या आठवड्यात कंबर मोकळी झालीच, तर धीर सोडू नका. वरच्या रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजतोय, सिलिंडर आला.