आजारी पडायचंच असेल तर नीट पडा

सासऱ्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका भारी हॉस्पिटलात आम्ही तीन दिवस राहून आलो. राहून आलो असंच म्हणते, कारण लॉबीत कारंजं, कॉफी शॉप, दार उघडायला टोपीवाला माणूस, त्यात दवाखाना कुठे सुरू होतो तेच कळत नाही. तर अनुभवाचे चार सल्ले देते. फुकट. तिथे पाण्याची बाटलीसुद्धा विकत होती.

आधी दुखण्याची वेळ ठरवा. रविवारी रात्री दोनला कळ येणं वगैरे गावठीपणा करू नका. मंगळवारी सकाळी अकरा, पॉलिसीचं कार्ड खिशात, क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवलेलं, अशा बेताने दुखू द्या.

डिपॉझिट हा शब्द तोंडातून काढू नका. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून केवढा गदारोळ झाला, चौकश्या बसल्या, तेव्हापासून हॉस्पिटलवाले शहाणे झालेत. आमच्याकडे मागितलं ते 'ॲडव्हान्स'.

रूम विचार करून घ्या. पित्ताशय तेच, सर्जन तोच, कात्रीपण तीच, पण शेअरिंगमधल्या पित्ताशयाचा रेट वेगळा आणि डीलक्समधल्याचा वेगळा. पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही, बऱ्याच पॉलिसींत सर्जनच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापतात. शिवाय रूम दिवसाला 5000 च्या वर गेली की 5 टक्के जीएसटी, 2022 पासून. खिडकीतून टेकडी दिसते पण.

औषधं बाहेरून आणू म्हणू नका. आणता येतात, खासगी दवाखान्यांसाठीच्या राज्याच्या 2021 च्या नियमात आहे तसं. तरी म्हणू नका, सिस्टर बघतात हो.

हायजीन किट जपून ठेवा. आमच्या किटमध्ये कंगवा होता, सासऱ्यांना 1994 पासून टक्कल आहे.

आता डिस्चार्ज. त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका, डबा न्या, जमलं तर विणकाम न्या. सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, आज घरी. साडेदहाला फाइल बिलिंगला गेली. बाराला बिलिंगवाले म्हणे फार्मसीचं क्लिअरन्स नाही, दीडला फार्मसी म्हणे आम्ही कधीच पाठवलं, मग टीपीए डेस्कचा, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या मधल्या संस्थेचा मुलगा जेवायला, मग विमा कंपनीची क्वेरी आली की खडे नेमके कधीपासून आहेत याचं डॉक्टरांचं पत्र द्या. कधीपासून आहेत! खड्यांचा जन्मदाखला काढायचा का? डॉक्टर ऑपरेशन थिएटरात, ते येणार चारला. मी त्या मुलाला सांगितलं की बाबा रे, विमा नियामकाचं मे 2024 चं परिपत्रक आहे, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर वाढीव खर्च विमा कंपनीचा. तो म्हणाला, मॅडम ते तुम्ही कंपनीला सांगा. कंपनीचा फोन म्हणतो एक दाबा, दोन दाबा, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. संध्याकाळी सात चाळीसला सुटलो आणि निघताना सासरे खुर्चीत झोपलेले, कारण बेड दुपारीच दुसऱ्याला दिला होता.

पार्किंग: रिक्षाने जा.

आणि शेवटचं. गरीब असाल तर या हॉस्पिटलात येऊ नका, लॉबी खराब होते. हे मी नाही म्हणत. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा नवरा त्याच आठवड्यात बांधकामाच्या परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, मीच म्हटलं इथे आणा. हायकोर्टाची 2006 ची योजना आहे, धर्मादाय हॉस्पिटलात 10 टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. निर्धन म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजारांच्या आत, महिन्याला 15 हजार झाले. मावशी पाच घरं करून तेवढे मिळवत नाहीत. काउंटरवर म्हणाले रेशनकार्ड चालणार नाही, तहसीलदाराचा दाखला आणा. दाखला नाही म्हटल्यावर म्हणाले तसेही बेड फुल आहेत. मग दाखला कशाला मागितला? आमच्या मजल्यावर तीन खोल्यांना कुलूप होतं, मी रोज त्यांच्यासमोरून चहा आणायला जात होते!

त्याला शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं, भाड्याच्या टेम्पोत.

शंभरात दहा. एवढं गणित तुम्हाला येत नाही, आणि आमच्या बिलात ग्लोव्हजची बेरीज पैशापर्यंत बरोबर? ट्रस्ट म्हणून करात सवलती घेता, त्या घेताना दाखला आणा म्हणतं का कोणी? आणि आपण, मी धरून, कॅशलेसवाले, डिस्चार्जला उशीर झाला की परिपत्रकं तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि मावशी काउंटरला उभ्या होत्या तेव्हा मी हळू आवाजात 'बघा ना जरा' म्हणाले. बघा ना जरा! ओरडायला काय झालं होतं मला?

धर्मादाय बेडचा बोर्ड आहे तिथे, हो आहे, मनीप्लांटच्या कुंडीमागे. ती कुंडी हलवा आधी.