पुढचं चरित्र कोणाचं वाचावं?

"ऐतिहासिक चरित्र वाचायचंय, कोणतं घेऊ?" असं विचारलं की आपल्याकडे चार-पाच नावं लगेच पुढे येतात. शिवाजी महाराज, फुले, टिळक, आंबेडकर. यांची चरित्रं वाचायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण आवडीने वाचणाऱ्याने थोरांची यादी करून एकेकावर खूण करत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी नवा काळ, नवं गाव, नवी माणसं, आणि पुन्हा पहिल्यापासून घराणं, कुलवृत्तांत, बालपण. तिसऱ्या पुस्तकापर्यंत उत्साह संपतो आणि "चरित्रं रटाळच असतात" असा शिक्का बसतो.

मी पुढचं पुस्तक मागच्या पुस्तकातून निवडते. नायकाच्या शेजारी दोन पानांपुरता येऊन गेलेला, पण डोक्यातून न जाणारा माणूस शोधायचा आणि त्याच्या मागे जायचं.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. बहुतेकांना त्या कादंबरीतून आणि सिनेमातून माहीत आहेत. त्यांनी एकदा काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र उघडावं, कारण त्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना त्या लहानपणी खाल्लेल्या माराचा हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाचे फटके, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं. आणि मग स्वतःच निवाडा देतात: जे साधायचं होतं ते पाहिलं तर हे योग्य झालं असं वाटतं, पण एका पोरीच्या मनावर काय परिणाम झाला असता हे पाहिलं तर चूकच होतं. हे लिहिणारी मुलगी अजून विशीचीही धड झालेली नाही. 11 मार्च 1886 ला पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजातून डॉक्टर होऊन ती मायदेशी आली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला गेली. कादंबरीकाराला हा प्रसंग रंगवता येईल, पण तिचा स्वतःचा तोलून-मापून केलेला निवाडा पत्रातच वाचायला हवा. म्हणून मी चरित्र हातात घेतलं की आधी बघते की लेखकाने पत्रं, रोजनिशा, तेव्हाची वर्तमानपत्रं पाहिली आहेत का. प्रस्तावनेची चार पानं वाचली की हे कळतं. शेवटी नामसूची असेल तर फारच उत्तम.

या पुस्तकातला कडेचा माणूस म्हणजे गोपाळराव जोशी. पोस्टातला कारकून, बायकोला शिकवण्याच्या वेडाने झपाटलेला, तिच्याशी क्रूर वागलेला आणि तिच्यासाठी अख्ख्या समाजाशी भांडलेलाही. आनंदीबाईंच्या मृत्यूबरोबर आपण त्यांना सोडून देतो. पण न्यायमूर्ती रानड्यांचं चरित्र घ्या, तिथे ते पुन्हा हजर! ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं गेलं आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हे गोपाळरावांनी घडवून आणलं आणि हजर असलेल्यांची नावंही त्यांनीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. नावांमध्ये रानडे, टिळक, गोखले. सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं केलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एका कप चहासाठी!

आता हाच प्रसंग टिळकांच्या, रानड्यांच्या आणि गोखल्यांच्या चरित्रांत शोधून वाचा. टिळक सांगतात की मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानडे मित्रांची अडचण ओळखून प्रायश्चित्त घेतात. आणि रमाबाई रानडे आपल्या आठवणींत लिहितात की आपल्याला ते मनापासून लागलं. हे आठवणींचं पुस्तक 1910 चं आहे, ते रानड्यांच्या चरित्राशेजारीच ठेवावं. चरित्रकाराला रानड्यांची भूमिका समजावून सांगायची असते, रमाबाईंना मात्र घरात त्या दिवशी काय वाटलं ते सांगायचं असतं. दोन्ही एका आठवड्यात वाचून बघा, एकोणिसाव्या शतकातलं पुणं अगदी जवळून दिसतं.

टिळकांवरून आगरकरांकडे जाणं तर अटळच. 1882 साली दोघं कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलंय. पुढची काही वर्षं एकाच ध्येयाने काम केलेले हे दोघं नंतर कसे दुरावले, हे वाचताना बाजू घ्यावीशी वाटते. घ्या. आणि मग दुसऱ्या बाजूचं चरित्र आणा. त्याच खटल्याच्या वेळी जामिनासाठी पुढे आलेले रामशेठ उरवणे हे फुल्यांच्या गोटातले, म्हणजे फुल्यांच्या चरित्राचं दार इथूनही उघडतं.

दुसरी अशीच साखळी बाबासाहेबांच्या चरित्रातून निघते. धनंजय कीरांचं पुस्तक 1954 साली, बाबासाहेब हयात असतानाच इंग्रजीत आलं. मला त्यातले केळुस्कर गुरुजी फार आवडतात. बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला त्यांनी हेरलं, 1907 साली मॅट्रिक झाल्याबद्दलच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात दिलं आणि पुढे त्याला सयाजीराव गायकवाडांकडे नेलं. मग सयाजीरावांचं चरित्र घ्यावंसं वाटणारच. मालेगावजवळच्या कवळाण्यातला शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसतो, हे राजघराण्याच्या कुठल्याही वंशावळीपेक्षा जास्त खिळवून ठेवतं.

वाचायच्या पद्धतीबद्दल एकच सांगते. पहिलं प्रकरण सोडून द्यायला अजिबात कचरू नका. पूर्वज, मूळ गाव, जन्मवेळचे शकुन हे सगळं माणूस आवडल्यावर वाचायचं. मी आधी सूचीतून एखादं भांडण शोधते आणि तिथलं प्रकरण वाचते. लेखक तिथे नायकाला नुसता पाठीशी घालत असेल तर पुस्तक परत ठेवते. नायक चुकला हे सांगूनही त्याच्यावरचं प्रेम कायम ठेवणारा चरित्रकार सापडला की तीन खंड असले तरी घेते.

जुनी चरित्रं दुकानात नसतात म्हणून थांबू नका. गावातल्या वाचनालयात चौकशी करा, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात तीही चाळा. सध्या माझ्याकडे सयाजीराव चालू आहेत. तुम्ही वाचलेल्या चरित्रातला कडेचा कोण माणूस तुमच्या मनात राहिलाय, त्याचं नाव खाली लिहा. त्यातूनच मी माझं पुढचं पुस्तक ठरवणार आहे.