"सूर संभाषणात्मक आहे" म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, आता स्वतःची लहानशी लॅब चालवते. तिने एका जर्नलला पाठवलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, आज परत आला. नाकारला याचं दुःख नाही, पेपर नाकारले जातातच. तिने दोन्ही रिव्ह्यू, म्हणजे पेपर तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांचे अभिप्राय, मला पाठवले. पहिल्याने निदान आकडेवारीबद्दल दोन शहाणे प्रश्न विचारलेत. दुसऱ्याचा अभिप्राय जेमतेम चार ओळींचा. सूर संभाषणात्मक आहे, लेखिका वारंवार 'मी' वापरते, 'हे असं का झालं ते मला कळलेलं नाही' यासारखी विधानं आहेत, सबब लेखनात शास्त्रीय गांभीर्याचा अभाव जाणवतो. संपलं! कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) नीट घेतलेत का, नमुने पुरेसे आहेत का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, यावर एक अक्षर नाही. माणसाने प्रयोग वाचला की फक्त क्रियापदं तपासली, कोण जाणे.

आणि गंमत म्हणजे मला त्या अख्ख्या पेपरमध्ये सगळ्यात जास्त भरवशाचं वाटलं ते तेच वाक्य. ज्या बाईला काय कळलं नाही हे सांगता येतं, तिला जे कळलंय त्यावर मी विश्वास ठेवीन. तुम्हीही ठेवाल, मला माहीत आहे.

मला लगेच माझा खालचा रॅक आठवला. माझ्याबरोबर काम केलेल्यांना ही गोष्ट तोंडपाठ आहे, त्यांनी सोसावं.

पीएचडीच्या काळात मी सेराशिया मार्सेसेन्सवर काम करत होते. हा जिवाणू प्लेटवर, म्हणजे चपट्या बशीत, लालबुंद वसाहती करतो, पण त्याचा नखरा असा की हा लाल रंग साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला खुलतो. ३७ ला ठेवलात तर जिवाणू मजेत वाढतो, पण पांढराफटक. आमचा इन्क्युबेटर, म्हणजे जिवाणू ठरलेल्या तापमानाला वाढवायची पेटी, म्हातारा झालेला. आतला पंखा कुरकुरायचा आणि मधूनच गप्प बसायचा. डायलवर ३० दिसायचं, प्रत्यक्षात गरम हवा वर साचायची. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच बाटलीतलं माध्यम (जिवाणूंचं खाद्य) ओतून, माझ्याच हाताने रेघोट्या ओढलेल्या प्लेट्स खालच्या रॅकवर लाल आणि वरच्या रॅकवर फिकट, काही तर पार पांढऱ्या. आम्ही आधी माध्यमावर संशय घेतला, मग पाण्यावर, मग एकमेकांवर. शेवटी कंटाळून वरच्या रॅकवर एक साधा थर्मामीटर आडवा ठेवला, तेव्हा उलगडा झाला. पुढचं सगळं काम खालच्या रॅकवर केलं.

हे मी थिसिसच्या मसुद्यात लिहिलं. फार नाही, चार-पाच ओळी. गाइडनी तो परिच्छेद लाल पेनने तिरका कापला आणि समासात लिहिलं, "ही डायरी नव्हे." त्या जागी वाक्य आलं: 'सर्व नमुने ३० अंश सेल्सिअस या नियंत्रित तापमानास उबवण्यात आले.' मी भांडले. पण सही त्यांची लागणार होती, वाक्य तेच छापलं गेलं.

काय भारदस्त वाक्य आहे बघा. कोणी उबवले, कुठे उबवले, पंखा चालू होता का, काही विचारायची सोय नाही. जणू प्लेट्स आपापल्या पायांनी इन्क्युबेटरमध्ये गेल्या. आणि तरीही माझ्या पाच ओळी 'अशास्त्रीय' आणि हे वाक्य 'शास्त्रीय'. वाचणारा माझ्या पाच ओळी वाचून म्हणाला असता, यांच्याकडे धड इन्क्युबेटरसुद्धा नाही. हे वाक्य वाचून म्हणतो, वा, व्यवस्थित काम आहे.

कुणी म्हणेल ही विज्ञानाची परंपराच आहे. कसली परंपरा? रॉबर्ट बॉइल १६६० च्या आसपास हवेच्या पंपाचे प्रयोग लिहीत होता तेव्हा तो चक्क 'मी' म्हणायचा, पंप गळतो हे सांगायचा, प्रयोग बघायला कोण हजर होतं तेही सांगायचा. फसलेल्या प्रयोगांवर त्याने वेगळे निबंध लिहिलेत! त्याच्या काळात भरवसा बसायचा तो अशा बारीकसारीक तपशिलांमुळे. माणूस काय काय बिघडलं ते सांगतोय, म्हणजे तो खरंच तिथे उभा होता. आज तेच तपशील आम्ही 'डायरी' म्हणून कापतो, आणि जो कुठेच उभा नव्हता असं वाटतं त्याच्यावर विश्वास ठेवतो.

'मी' वरून आठवलं, मांजराची गोष्ट सांगायलाच हवी. १९७५ साली जॅक हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या जर्नलसाठी एकट्याने पेपर लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही' वापरलं. सहकारी म्हणाला, लेखक एक असताना 'आम्ही' चालणार नाही, परत पाठवतील. तेव्हा टाइपरायटर, सगळा पेपर पुन्हा टाइप करायचा म्हणजे शिक्षाच. हेदरिंग्टननी काय करावं? घरातल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं. पेपर छापला गेला. भौतिकी चोख होती, म्हणून हसून सोडून देऊ. पण बघा, सर्वनाम खटकेल याची धास्ती होती. सहलेखकाला शेपूट आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी. पुढचं नाही.

अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा १९९८ चा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर आठवा, गोवर-गालगुंड-रुबेला लशीमुळे ऑटिझम होतो की काय असं संशयाचं भूत बसवणारा. १२ मुलं, एवढंच भांडवल. भाषा? एक नंबर. त्यात 'आम्ही संबंध सिद्ध केलेला नाही' असं नम्र वाक्यसुद्धा आहे. आणि मुलं 'ओळीने पाठवली गेलेली', म्हणजे मुद्दाम न निवडता जशी आली तशी घेतलेली, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. पाठवली गेलेली! कोणी पाठवली, कशी निवडली, काही नाही. २०१० मध्ये लॅन्सेटने तो पेपर मागे घेतला तेव्हा खोट्या ठरलेल्या गोष्टींत हेच विधान होतं. मधल्या १२ वर्षांत किती आईबापांनी लस टाळली असेल. हे वाक्य कुणा रिव्ह्यूअरच्या कानाला खटकलं नाही, कारण ते संभाषणात्मक नव्हतं ना!

मी भडकते ती यासाठी. माझं 'नियंत्रित तापमानास उबवण्यात आले' आणि त्याचं 'पाठवली गेली' यांच्या हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण वाक्याचा साचा तोच. त्या साच्यात कर्ता लपतो. प्रामाणिक माणसाचा पंखा लपतो आणि लबाड माणसाची लबाडीही लपते.

बरं, माझा पंखा लपल्याने काय झालं तेही ऐका. थिसिसमधला पेपर छापून आल्यावर काही वर्षांनी एका अनोळखी मुलाचा मेल आला. "मॅडम, तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळं केलं, तापमान ३० च आहे, रंग येत नाही. माझे सर म्हणतात माझ्याच हातात दोष आहे." मेलचा सूर इतका हिरमुसलेला की मला सगळं काम बाजूला ठेवावं लागलं. मी एकच प्रश्न पाठवला: प्लेट्स कुठल्या रॅकवर ठेवतोस? दुसऱ्या दिवशी दोन प्लेट्सचा शेजारी शेजारी ठेवून काढलेला फोटो आला, एक लाल, एक पांढरी. खाली एकच शब्द, "वरच्या!!!"

त्या पोराचे महिने गेले, शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. कापलेल्या पाच ओळींची ही किंमत, आणि ती चुकवली कोणी तर ज्याचा काही संबंध नव्हता त्याने.

आता थोडं गाइडबद्दल. नाहीतर तुम्हाला वाटेल मी म्हाताऱ्या माणसावर सूड उगवतेय. सर लबाड नव्हते. त्यांच्याइतक्या स्वच्छ वह्या मी दुसऱ्या कुणाच्या पाहिल्या नाहीत. त्यांच्या वहीत 'आज हात थरथरत होता, वाचन ग्राह्य धरू नये' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. वहीत असं लिहिणारा माणूस पेपरमध्ये मात्र एक जिवंत शब्द शिल्लक ठेवायचा नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "तुला कोण ओळखतं? नाव मोठं असलं की गप्पा मारल्या तरी चालतात. आपल्यासारख्याने एक सैल वाक्य लिहिलं की ते म्हणतात, याला कामच येत नाही." मला तेव्हा राग आला होता. आता एवढा येत नाही. इंग्रजी ज्याच्या घरात नव्हतं, त्या माणसाने चिलखत चढवलं होतं ते. आणि त्यांचं खोटं नव्हतं. वॉटसन आणि क्रिक १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेवर पानभराचा पेपर लिहितात, 'आम्ही सुचवू इच्छितो' अशी सुरुवात करतात, शेवटाकडे 'आमच्या नजरेतून सुटलेलं नाही' असा डोळा मिचकावतात, आणि जग सत्तर वर्षं त्या शैलीचं कौतुक करतं. माझ्या विद्यार्थिनीने तसा डोळा मिचकावला असता तर? चार ओळींचा अभिप्राय.

हो, मान्य आहे, ठरलेल्या साच्याचे फायदे आहेत. पद्धती कुठे, निकाल कुठे, हे शोधत बसावं लागत नाही आणि परकी भाषा लिहिणाऱ्याला हाताशी आधार मिळतो. आणि हो, इग्नाझ सेमेलवाइससुद्धा आहेत: १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू घटवले, पण १८६१ मध्ये पुस्तक लिहिलं ते इतकं पाल्हाळिक आणि चिडकं की विरोधकांचं फावलं. खरं असलं तरी धड लिहावं लागतं. दिलं हे तुम्हाला. पण धड लिहिणं वेगळं आणि निर्जीव लिहिणं वेगळं, एवढं तरी मला द्या.

आणि आता तर हा साचा फुकट झालाय! २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, बटण दाबलं की संगणकशास्त्राचा निरर्थक पण रुबाबदार पेपर तयार. एका परिषदेने तो स्वीकारलासुद्धा. हा विनोद म्हणून सोडला असता, पण २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या बड्या प्रकाशकांना असे १२० हून जास्त पेपर काढून टाकावे लागले. सायजेनचं लिखाण जाणकाराने दोन परिच्छेद वाचले तरी उघडं पडायचं. आजचे चॅटबॉट त्याहून कितीतरी सफाईने लिहितात. 'उपरोक्त निष्कर्षांच्या अनुषंगाने' छापाची वाक्यं कुणालाही मिनिटात, हवी तितकी. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून रिव्ह्यूअर महाशय गांभीर्य ओळखतात, ती आता प्रयोगशाळेचं दार न उघडलेल्या माणसालाही मिळते. मग ओळखायचं कशावरून? कुरकुरणाऱ्या पंख्यावरूनच ना? कुठला रॅक, कुठली बाटली, कोणत्या दिवशी काय फसलं! हेही यंत्र रचून सांगेल म्हणा, मला माहीत आहे. पण त्याची तपासणी करता येते. मेल करून विचारता येतं. 'नियंत्रित तापमान' तपासायला जाणार कुठे?

विद्यार्थिनीशी तासभर बोलले. ती सगळं पुसून पुन्हा लिहायला निघाली होती, आवाज रडवेला. तिला म्हटलं, 'मी' च्या जागी 'आम्ही' कर हवं तर, त्याने प्रयोगाचं काही बिघडत नाही. लांबलेली दोन वाक्यं तोड, तीही मला खटकली होती. पण जे कळलेलं नाही ते कळलेलं नाही असंच राहू दे, आणि संपादकांना स्वतंत्र पत्र लिहून विचार की दुसऱ्या रिव्ह्यूअरचा प्रयोगावर काय आक्षेप आहे. आक्षेप असेल तर उत्तर देऊ. नसेल तर त्यांनी तसं लेखी द्यावं. ती म्हणाली, "मॅडम, वाईटपणा येईल." येऊ दे.

जर्नलचं नाव कॉमेंटमध्ये किंवा इनबॉक्समध्ये विचारू नका, सांगणार नाही. पोरीचा पेपर अजून अडकलेला आहे. त्यापेक्षा एक करा. तुमच्या थिसिसमधून, पेपरमधून, रिपोर्टमधून कुणी 'हे शास्त्रीय वाटत नाही' म्हणून कापलेलं एखादं वाक्य आठवत असेल तर खाली लिहा, कापल्याने पुढे कुणाचं काय अडलं तेही लिहा. पुढच्या सत्रात मला पहिल्या वर्षाच्या मुलांना मेथड्स लिहायला शिकवायचंय, आणि माझ्याकडे उदाहरण एकच आहे. ते ऐकून ऐकून आमच्या लॅबमधली मुलं आता मी 'रॅक' म्हटलं की उठून जातात.