‘जरा तपासत जा’ म्हणणाऱ्या संग्राहकांस

इंद्रजाल कॉमिक्स या चित्रकथा-मालिकेतला मुखवटाधारी नायक वेताळ, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना संग्राहक’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. सारांश असा: इंद्रजाल कॉमिक्सचे 805 नव्हे, 803 अंक निघाले, त्यातला भारतीय नायक बहादूर ‘सत्तरच्या सुरुवातीला’ नव्हे, 1976 साली आला, पहिले 32 अंक फक्त वेताळचे होते हे मी सांगितलंच नाही. आणि शेवटी, “मराठी अंक म्हणजे इंग्रजीचं भाषांतर, त्याला वेगळा इतिहास कसला? लिहिण्याआधी जरा तपासत जा.”

803 मान्य. क्रमांकांप्रमाणे बेरीज 805 होते, पण 123 आणि 124 हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. लेखात दुरुस्ती केली आहे. गंमत म्हणजे माझ्या शाळेतल्या वहीत, वाचलेल्या अंकांवर मी फुल्या मारायचो तिथं, नेमके हेच दोन आकडे मोकळे आहेत. ते अंक भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या काकांनी हरवले असं समजून मी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. म्हणजे पुरावा माझ्याच कपाटात होता, फक्त मी तो वाचला नाही. बहादूरचं सालही दुरुस्त केलं. 32 अंकांचं म्हणाल तर तो लेख होता, सूची नव्हे.

आता ‘जरा’. या एका शब्दावर मी दोन दिवस चिडलो आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, जिन्याखालच्या फळीवर बसून, दहा पैसे भाड्याचा अंक संध्याकाळच्या आत परत करायचा म्हणून धावत वाचणाऱ्या माणसाला तुम्ही ‘जरा तपासत जा’ म्हणता? पुढे पहिल्या पगारातून अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून फाटके अंक उचलले, डिंकानं चिकटवले. तुमचे अंक प्लास्टिकच्या पिशवीत असतील. असू देत. माझ्या अंकांना कांदेपोह्यांचे डाग आहेत.

आणि ‘नुसतं भाषांतर’? अहो, मूळ ली फॉकचा नायक ‘फँटम’. 17 फेब्रुवारी 1936 ला तो अमेरिकी वर्तमानपत्रांतून आला. मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू झालं तेव्हा त्याच्या देशाचं मूळ नाव ‘बंगाला’ इथं बदलून ‘डेंकाली’ करावं लागलं, कारण आपल्याकडे बंगाल आहे. हा बदल इंग्रजी अंकातही होता, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण मग भारतातला इंग्रजी अंक तरी अमेरिकेची नक्कल कुठे राहिला?

मराठीत तर त्याचं नावच ‘वेताळ’. ‘फँटम’ म्हटलं की इंग्रज पोराला नुसतं भूत दिसत असेल. मराठी पोराला वेताळ म्हटलं की गावकुसाबाहेरचा शेंदूर फासलेला दगड दिसतो, भुतांचा राजा, पण गावाची राखण करणारा. विक्रमाच्या पाठीवरचा तो चतुर वेताळही मागे उभा असतोच. जंगलाची राखण करणारा, पिढ्यान्‌पिढ्या मुलगाच बापाचा मुखवटा चढवतो म्हणून लोकांना अमर वाटणारा, 1536 पासूनची शपथ वाहणारा हा माणूस त्या एका नावानं आमचा झाला. बंगाली वाचक त्याला ‘अरण्यदेव’ म्हणून ओळखतात. तिथं तो वनातला देव आहे. आमच्याकडे तो वेशीवर उभा आहे. नाव बदललं की वाचणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र बदलतं, आणि त्या चित्राची नोंद तुमच्या क्रमांकांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात करणार?

माझ्यापुरतं सांगतो. चौथीत असताना, वेताळ राहतो ती कवटीची गुहा आमच्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच आहे अशी माझी खात्री होती. वडिलांबरोबर पहाटे टेकडी चढताना मी वाटेतला प्रत्येक कातळ न्याहाळायचो, आणि वरच्या वेताळाच्या देवळात हात जोडताना मनातल्या मनात विचारायचो, तुझा तो पाळलेला लांडगा कुठे बांधलाय? इंग्रजी अंक वाचणाऱ्या कँपातल्या मुलाला हे कधी सुचलं असतं का? (कँपातल्या मुलांनी राग मानू नये. तुमच्याकडे अंक गुळगुळीत असायचे, आम्ही जळायचो.)

तुम्ही म्हणाल, हे सगळं आठवणींतलं. हो, आठवणींतलंच. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या दुकानानं दोरीवर लटकवायचे अंक काढून चिवड्याच्या पुड्या लटकवल्या. हेही तक्त्यात नाही.

तुमच्याकडे मराठी अंकांचे भाषांतरकार कोण होते याची यादी असेल तर पाठवा, मी आनंदानं छापेन. दुरुस्तीखाली तुमचं टोपणनाव घातलेलं नाही. हवं असेल तर सांगा, घालतो. ‘जरा’ शब्द मात्र मागे घ्या.