‘एच-४ नको, एफ-१ काढा’ : सांगली-साताऱ्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-साताऱ्याकडच्या वधू-वर ग्रुपांवर आणि भावकीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जावई अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर मुलीला त्याच्या मागे एच-४, म्हणजे त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर धाडू नका, स्टुडंट व्हिसा म्हणजे एफ-१ काढा, असा सल्ला त्यात आहे. कारणं पाच दिलीत. एच-४ वर शिकता येत नाही. नोकरी कधीच करता येत नाही. एफ-१ वर पोचल्यापासून कमाई सुरू होते. एफ-१ लवकर मिळतो, फक्त लग्नाचं बोलायचं नाही. आणि व्हिसा नंतर केव्हाही बदलता येतो. यातलं चौथं कारण मुलीचं आयुष्यभराचं नुकसान करू शकतं, म्हणून आधी तेच घेऊ.

‘लग्नाचं बोलायचं नाही.’ डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात वैवाहिक स्थिती लिहावी लागते. जवळचं कोण अमेरिकेत आहे हेही विचारलेलं असतं, आणि त्यात नवरा तर येतोच, ज्याच्याशी लग्न ठरलंय तोही येतो. म्हणजे साखरपुडा झालाय, लग्न दिवाळीनंतर आहे, अशा मुलीलाही ते लिहावंच लागतं. गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडियाची खातीही याच अर्जात मागतात. हळदीचे आणि साखरपुड्याचे फोटो त्याच खात्यांवर असतात. महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचं ठरलं तर कायमची अपात्रता येते. पुढे तीच मुलगी खरी कागदपत्रं घेऊन एच-४ साठी उभी राहिली तरी ती नोंद आडवी येते. असा सल्ला देणाऱ्या एजंटाकडे पासपोर्ट सोपवू नये, इतकं आम्ही स्पष्ट सांगतो.

आता खरं सांगून एफ-१ मागितला तर? इथे कायद्याची मेख आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे एफ-१ मागणारा प्रत्येक जण अमेरिकेत कायम राहायलाच निघालाय असं धरून चालतात. शिकून परत येणार, हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. नवरा तिथे नोकरीला, कदाचित त्याचं ग्रीन कार्डचं कामही सुरू. अशा मुलीला व्हिसा मुलाखतीच्या खिडकीपुढच्या दोन-चार मिनिटांत हे पटवणं फार अवघड जातं. एच-१बी आणि एच-४ यांना हे गृहीतक लागूच नाही. त्यामुळे लग्न झालेल्या मुलीसाठी एफ-१ सोपा नाही, उलट जास्त अवघड आहे. नकार आला की १८५ डॉलरची व्हिसा फी परत मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो नकार लिहावा लागतो.

‘एच-४ वर शिकता येत नाही’ हे सरळ चूक. पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, कोणताही अभ्यासक्रम करता येतो. शिवाय बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत एच-४ वाल्यांना रहिवाशांची कमी फी लागू होऊ शकते, एफ-१ वाल्यांना ती सहसा मिळत नाही. एज्युकेशन लोन काढायच्या आधी हा फरक विद्यापीठाला विचारून घ्या. गोंधळ बहुधा एफ-२ मुळे झालाय. नवराच विद्यार्थी असेल तर बायकोला एफ-२ मिळतो. त्यावर नोकरी नाही आणि पूर्णवेळ पदवीही नाही.

नोकरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. एच-४ वर सुरुवातीला काम करता येत नाही, हे मुलीला लग्नाआधीच माहीत असायला हवं. पण ‘कधीच नाही’ हे खोटं. २०१५ पासून, नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी सहसा कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल किंवा त्याला एच-१बीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढ कायद्याने मिळालेली असेल, तर बायकोला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. म्हणून स्थळ पाहताना पगाराइतकाच ‘आय-१४० झालाय का?’ हा प्रश्न विचारा. त्यात संकोच कसला? ईएडीचं नूतनीकरण मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून करता येतं आणि ते तेव्हाच करावं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, कार्ड संपलं की काम थांबवावं लागतं.

एफ-१ वरची कमाई? सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. बाहेरच्या कामासाठी साधारण एक शैक्षणिक वर्ष थांबावं लागतं. पदवीनंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात नोकरी करायची मुभा, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पात्र पदव्यांना आणखी २४ महिने, हा एफ-१ चा खरा फायदा आहे.

तो एच-४ वर जाऊनही मिळवता येतो. एच-४ वर पूर्णवेळ शिकायला लागायचं आणि पदवी संपायच्या बरंच आधी, आय-२० हा विद्यापीठाचा कागद घेऊन आय-५३९ या व्हिसाचा प्रकार बदलायच्या अर्जाने तिथूनच एफ-१ वर यायचं. ओपीटीला लागणाऱ्या एका शैक्षणिक वर्षात एच-४ वरचं पूर्णवेळ शिक्षणही धरतात, पण ओपीटीचा अर्ज करताना हातात एफ-१ असावा लागतो. आणि ‘केव्हाही बदलता येतो’ या भरवशावर राहू नका. निकालाला काही महिने जाऊ शकतात. अर्ज अडकलेला असताना लग्नकार्यासाठी गावी आलात तर तो सोडून दिल्यासारखा धरतात. मंजूर झाल्यावर आलात तर परत जाताना एफ-१ चा शिक्का घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा तीच खिडकी आणि तेच २१४(बी).

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट एफ-१ च्या बाजूने आहे. एच-४ नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असतो. त्याची नोकरी गेली तर दोघांनाही जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घटस्फोट झाला तर एच-४ संपतो. म्हणून पुढे स्वतःचा व्हिसा करणं शहाणपणाचंच, पण खरी माहिती देऊन.

निघण्याआधीची दोन कामं इथेच उरकतात. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत करताना मुलीचं माहेरचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच लिहून घ्या. दाखला फक्त मराठीत मिळाला तर इंग्रजी भाषांतर जोडा. आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकलेल्या मुलींनी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत तक्ता, हळदीच्या आधीच काढून ठेवावं. तिकडे गेल्यावर त्यासाठी वडिलांना कोल्हापूरला खेपा माराव्या लागू शकतात.