‘कोलोनोस्कोपी टाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहायची तपासणी. मेसेजचं सार असं: त्याआधी पोट साफ करायला देतात त्या औषधाने किडनी जाते, एरंडेलानेही तेच काम होतं, तपासणी सहन होत नाही, आतडं फाटतं, तपासायला आतड्याचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, संडासवाटे रक्त जाणं म्हणजे मूळव्याधच, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की पैसे पाण्यात. मी इथल्याच एका एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. आदल्या दिवशी पेशंटला फोन करून तयारी समजावणं माझ्याकडे असतं. हल्ली तो फोन या मेसेजवरच अडतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

‘औषधाने किडनी जाते.’

ही भीती अगदीच हवेतली नाही. पूर्वी पोट साफ करायला सोडियम फॉस्फेट देत असत. त्याने काही जणांच्या किडनीला खरोखर इजा झाली आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा इशाराही दिला. आता बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर पाण्यात कालवून देतात. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, प्यायलेल्या पाण्यासकट आतडं धूत खाली उतरते. म्हणूनच किडनी नाजूक असलेल्यांसाठीही डॉक्टर सहसा हीच निवडतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन, शुगरच्या गोळ्या यांतलं काहीही चालू असेल तर आधी सांगा. डोस बदलावे लागतात आणि ते आपल्या मनाने बदलायचे नसतात. लोहाच्या गोळ्याही काही दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

‘एरंडेल किंवा चूर्ण घेतलं तरी चालतं.’

इथे मी जास्त बोलणार आहे, कारण तपासणी फसते ती बहुधा इथेच. एरंडेलाने जुलाब होतात, कबूल. पण डॉक्टरांना आतड्याची भिंत स्वच्छ दिसायला हवी असते. मळाच्या एका थराखाली पाच मिलिमीटरचा पॉलिप (आतड्याच्या भिंतीवर आलेला कोंब) आरामात लपतो. या सफाईला चक्क मार्क देतात. बोस्टन स्केलवर आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३, असे एकूण ९. आपल्या रिपोर्टवर हा आकडा आहे का, ते विचारा. (सोनामुखीची चूर्णं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आतडं आतून काळपट झालेलं दिसू शकतं. ते घातक नसतं, पण घरच्यांपासून लपवलेली सवय स्क्रीनवर उघडी पडते.)

खाण्याचं पथ्य दोन-तीन दिवस आधीपासून असतं. कोणी ‘उपास समजा’ म्हणालं तर ऐकू नका. उपास म्हटला की आपल्याकडे खिचडीत दाण्याचं कूट आणि भगरीवर दाण्याची आमटी आलीच, आणि इथे नेमकं तेच नको असतं. मटकीमुळे रविवारची मिसळ बाद. पेरू, डाळिंब, अंजीर, सालासकट द्राक्षं, सब्जा, इसबगोल, पालेभाज्या, सगळं बंद. मऊ भात, दही, साधा ब्रेड, सोललेला उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी हॉस्पिटलने सांगितलेल्या वेळेपासून फक्त निवळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबू सरबत. कोकम सरबत मात्र नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

औषधाचा अर्धा भाग रात्री आणि अर्धा पहाटे घेतला की सफाई सर्वांत चांगली होते. सिन्नर-निफाडहून येणारे विचारतात, ‘सिस्टर, रस्त्यात लागली तर?’ त्यावर उपाय म्हणजे सकाळी जरा उशिराची वेळ मागून घ्यायची, म्हणजे निघेपर्यंत पोट बऱ्यापैकी शांत होतं. चव खारट असते, मळमळतं. गार करून, थोडं थांबत प्या. आणि पिवळं पाणी यायला लागलं म्हणून उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतू नका. हा प्रकार फार चालतो आणि तो आम्हाला कॅमेऱ्यात दिसतो.

‘सहन होत नाही, अख्खा दिवस जातो.’

प्रत्यक्ष तपासणी साधारण २० ते ४५ मिनिटांची. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. मागून उघडणारे कपडे देतात आणि बाकी अंग झाकलेलं राहतं. शिरेतून गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असलं की बऱ्याच जणांना नंतर फारसं आठवत नाही. आत हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने कळा येतात. नंतर वारा सरतो, तो सरू द्यावा. बायका संकोचाने धरून ठेवतात आणि मग पोट दुखतं म्हणतात. फक्त डावीकडचा खालचा भाग पाहायचा असेल तर सिग्मॉइडोस्कोपी करतात. तिला बहुधा एनिमा पुरतो, गुंगीही अनेकदा लागत नाही.

गुंगी दिली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. मुंबई नाक्यापासून सिडकोच का असेना, सोबत माणूस हवाच.

‘आतडं फाटतं.’

फाटू शकतं. नुसत्या पाहणीत साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी; मोठा पॉलिप काढला तर जास्त. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्रावही होऊ शकतो. हे कोणी दडवत नाही, संमतिपत्रावर लिहिलेलं असतं. पोट कडक होऊन जोरात दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’

नाही. शिवाय तुकडा दर वेळी कॅन्सरसाठी काढत नाहीत. आपल्याकडे आतड्याचा टीबी आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) आहे. त्यांचं निदान याच तुकड्यांच्या आधारे होतं. तुकडा घेताना दुखत नाही. कॅन्सरकडे जाणाऱ्या पॉलिपला तिथवर पोचायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात, आणि या तपासणीत तो काढूनच टाकता येतो.

‘रक्त म्हणजे मूळव्याधच.’

या वाक्याचा मला सर्वांत राग येतो. पुष्कळदा मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराला पडलेली चीर) असतं, हे खरं. तरुण पेशंटला डॉक्टर बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वाराच्या आत पाहायच्या छोट्या नळीने) तपासून तिथेच थांबतातही. पण खाली मूळव्याध आहे म्हणून वर काही नाही, असं होत नाही. पंचेचाळिशी ओलांडली आहे, हिमोग्लोबिन उतरतंय, वजन घटतंय, शौचाची सवय बदलली आहे किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर ‘बिना ऑपरेशन’चा बोर्ड पाहून जिना चढण्याआधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

‘नॉर्मल आला, पैसे पाण्यात.’

सफाई चांगली होती, कॅमेरा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोचला, काही सापडलं नाही आणि घरातही कोणाला आतड्याचा कॅन्सर नाही, तर पुढची तपासणी साधारण १० वर्षांनी. पॉलिप निघाले असतील तर त्याआधी. ‘सीकम’ हा शब्द रिपोर्टमध्ये आहे का, ते पाहून घ्या आणि फाइल जपून ठेवा.