गणगोत, आणि आईची वही

पुन्हा पुन्हा हाती घेतल्या जाणाऱ्या पुस्तकांवरचा तुमचा लेख आवडला, पण यादीत सगळ्या कादंबऱ्याच कशा? माझं पुस्तक आहे पु. लं.चं व्यक्तिचित्रांचं 'गणगोत', तेही त्यातल्या रावसाहेबांवरच्या लेखासाठी. आम्ही बेळगावकर. पु. ल. काही काळ इथं कॉलेजात शिकवायला होते, त्यामुळं रावसाहेबांची ती कानडी वळणाची मराठी कानानं टिपलेली आहे हे आम्हाला लगेच कळतं. माझे वडील अगदी तसंच बोलायचे. ते गेल्यापासून तो लेख मी दर वर्षी एकदा तरी वाचतो. शेवटाकडे आलो की आवाज बसतो, मग उरलेलं मनातल्या मनात.

आईचं वेगळं. तिच्या कवयित्री इंदिरा संत. इंदिराबाई आमच्याच गावात राहायच्या, याचा तिला फार अभिमान. संग्रह विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून १८४८ सालच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून आणायचा आणि परत करायच्या आधी आवडलेल्या कविता शाळेच्या दुरेघी वहीत उतरवून घ्यायच्या. पती १९४६ साली गेल्यावर इंदिराबाईंनी जे लिहिलं, त्यातल्या कविता वहीत सगळ्यात जास्त. एका पानावर हळदीचं बोट उमटलंय, बहुतेक फोडणी टाकता टाकता उघडलं असणार. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हाचं कात्रणही त्याच वहीत, डिंकानं चिकटवलेलं.

कवितासंग्रहांवरही एकदा लिहा, अगदी मनापासून सांगतो.